आधीं पोट, मग पाटी

शेतकरी, कामकरी व कारागीर बंधूंनो, आणि विशेषेंकरून आमच्या मायबहिणींनो,

कल्याणाहून नगरास जाणाऱ्या सडकेवर ओतूर मागें टाकून आळेफाट्याच्या रोखानें निघालें म्हणजे वाटेंत पिंपरी पेंढार लागतें. जुन्नर तालुक्यांतला हा बागायती मुलूख आहे. एका अंगास ऊंस, दुसऱ्या अंगास कांदा आणि टोमॅटो, अधूनमधून द्राक्षांचे मांडव. येथला माल मुंबई-पुण्याच्या बाजारांत जातो आणि तेथलीं मुलें तो खाऊन शाळेंत जातात. पण ज्या शिवारांत हा माल पिकला त्याच शिवारांतलें पोर आज सकाळीं काय खाऊन शाळेंत गेलें, हें विचारण्यास कोणास सवड नाहीं. पुढाऱ्यास नाहीं, अधिकाऱ्यास नाहीं, आणि राग येऊं देऊं नका, पण पुष्कळदां तुम्हां-आम्हांसही नाहीं.

मळ्यांतल्या वस्तीवरून पाठीला दप्तर लावून निघालेलें पोर डोळ्यांपुढें आणा. आई दिवस उगवायच्या आंत धुणीभांडीं उरकून खुरपणीला अगर कांदा काढायला गेलेली. बाप रात्रीच्या विजेवर पाणी भरून नुकताच पाठ टेकून पडलेला. फडक्यांत रात्रीची भाकर असली तर नशीब. नाहीं तर कपभर चहा आणि हातावर दहा रुपये. त्या दहा रुपयांची तें पोर कोपऱ्यावरच्या दुकानांतून रंगीत पुडी घेतें. पुडीच्या आंत काय? मीठ, तेल, पीठ आणि वारा. घरांत दूध होतें, तें डेअरीला गेलें. दारांत कोंबड्या होत्या, त्यांचीं अंडीं बाजारांत गेलीं. भुईमुगाच्या शेंगा होत्या, त्या आडत्याकडे गेल्या. पैका आला, नाहीं असें नाहीं. पण तो सोसायटीच्या हप्त्यांत आणि फवारणीच्या औषधांत जिरला. आणि मग गुरुजी पोराला उभें करून विचारतात, सातचा पाढा कां येत नाहीं? गुरुजी, सातचा पाढा येण्यास आधीं पोटांत सात घांस जावे लागतात.

हें आम्ही हवेंत बोलत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या या महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालच्या मुलांपैकीं शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं भरलीं, शेंकडा ३६ वजनांत कमी भरलीं, आणि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकीं शेंकडा ६८ हून जास्त मुलांच्या अंगांत पुरेसें रक्त नव्हतें. हींच मुलें सहाव्या वर्षीं पहिलीच्या वर्गांत येऊन बसतात. रक्त कमी असलेलें पोर लवकर दमतें, त्याचें ध्यान टिकत नाहीं, तें पेंगतें, चिडतें, खेळांतून अंग काढून घेतें. मास्तर म्हणतात मठ्ठ आहे. बाप म्हणतो आळशी आहे. शेजारी म्हणतात, याचें काय, शेवटीं नांगरच धरायचा आहे. तिघांपैकीं एकही जण त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून ती लाल आहे कीं पांढरी, हें पाहत नाहीं. बैल बसला तर आपण त्याचें तोंड उघडून दांत पाहतों, शेण पाहतों, जनावरांच्या डॉक्टरास मळ्यांत घेऊन येतों. पोर बसलें तर त्यास छडी.

आतां हा विचार कांहीं आजचा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर साहेबाच्या शिक्षण कमिशनापुढें जें निवेदन दिलें, त्यांत बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें त्यांनीं मागितलें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण शाळेंत काय शिकवावें याची जी यादी त्यांनीं दिली तींत वाचन, मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्या जोडीस शेतीचें मूळ ज्ञान आणि आरोग्याचे धडेही घातले होते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत राहिलें आहे. कुणब्याच्या पोराचें डोकें त्याच्या धडापासून वेगळें काढून शिकवितां येत नाहीं, हें त्या पुरुषास तेव्हां कळत होतें.

आणि त्या वेळीं आपल्यावर राज्य करणाऱ्या इंग्रजांस तरी कळलें नव्हतें काय? चांगलें कळलें, पण आपल्या घरापुरतें. १८९९ ते १९०२ या सालांत आफ्रिकेंत बोअर लोकांशीं लढाई जुंपली तेव्हां पलटणींत भरती होण्यास आलेले विलायतेंतले गरीब तरुण तपासतांना असें दिसलें कीं पुष्कळांचीं छातीहाडें अशक्त, दांत किडलेले. मग तेथें खळबळ उडाली. १९०६ सालीं शाळेंतल्या गरीब मुलांस जेवण देतां यावें असा कायदा झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं शाळेंत डॉक्टरनें मुलें तपासावीं अशी तजवीज झाली. त्याच सरकारच्या हिंदुस्थानांतल्या शाळांत मात्र जेवणही नाहीं आणि डॉक्टरही नाहीं. त्यांस सैनिक हवे होते म्हणून त्यांनीं मुलें पोसलीं; आपल्याकडून त्यांस सारा हवा होता, तो उपाशी पोरांकडूनही मिळत होता.

आपल्या देशांत ही गोष्ट प्रथम करून दाखविली ती मद्रासेच्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनीं. जस्टिस पक्षाचे सर पी. त्यागराय चेट्टी हे मद्रास शहराच्या कॉर्पोरेशनचे अध्यक्ष असतां १९२० सालीं थाउजंड लाइट्स या वस्तींतल्या शाळेंत मुलांस दुपारचें खाणें देण्याचा ठराव झाला. खर्च दर मुलामागें एक आण्याच्या वर जाऊं नये अशी अट होती. गरिबांचीं पोरें भुकेपायीं शाळेंत टिकत नाहींत, हें त्याचें कारण. एक आण्याची ती गोष्ट पुढें कामराज यांनीं साऱ्या प्रांतांत नेली, १९८२ सालीं एम. जी. रामचंद्रन यांनीं ती आणखी वाढविली, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत त्याच तामिळ मुलखांत सकाळची न्याहारीही शाळेंत देण्यास सुरुवात झाली. सकाळची न्याहारी! म्हणजे आमच्या पिंपरी पेंढारच्या पोरानें चहा आणि पुडीवर जी वेळ मारून न्यावी, ती वेळ तेथल्या सरकारनें ओळखली. तेथल्या ताटांत अंडेंही आहे. अंड्याची गोष्ट पुढें येणारच आहे.

आपल्याकडे काय झालें तें पाहा. १९९५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें शाळेंतल्या मुलांसाठीं धान्य देण्याची योजना काढली. पण मुलास महिन्याचे तीन किलो तांदूळ घरीं न्यावयास मिळत. ते घरच्या मडक्यांत पडत आणि सर्वांत वाटले जात. २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें हुकूम केला कीं धान्य नको, शिजवलेलें अन्न द्या. तेव्हांपासून शाळेंत चूल पेटली. आज पहिली ते पांचवीच्या दर मुलास रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ अगर कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असें माप ठरलेलें आहे. सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल.

बंधूंनो, हें माप पाठ करा. सातबाऱ्यावरचें क्षेत्र जसें पाठ असतें तसें पाठ करा. कारण शाळेच्या पातेल्यांत काय पडलें हें समजण्यास दुसरी युक्ति नाहीं. समजा, चौथीपर्यंतची शाळा आहे आणि आज साठ पोरें जेवलीं. मग पातेल्यांत सहा किलो तांदूळ, सव्वा किलोला थोडी कमी डाळ आणि तीन किलो भाजी पडली पाहिजे. तीन किलो भाजी म्हणजे भरलेली पाटी. ती चिरतांना दिसते, तिचीं सालें बाहेर पडतात, शेळी तीं खाते. खिचडींत पिवळा रंग दिसला म्हणजे डाळ पडली असें समजूं नका. हळदही पिवळीच असते.

या भागांतल्या एका शाळेंत आम्हीं दुपारीं सहज डोकावून पाहिलें. शाळेचें नांव सांगत नाहीं, कारण ती एकटीच तशी नसावी. भात मोकळा होता, मीठ बेताचें होतें, पोरें आनंदानें खात होतीं. पण डाळीचा दाणा शोधावा लागत होता आणि भाजी म्हणून टोमॅटोच्या चार फोडी तरंगत होत्या. ज्या तालुक्यांत भाव पडला कीं टोमॅटो गाडीभर रस्त्यावर ओतला जातो, त्या तालुक्यांत पोरांच्या ताटांत चार फोडी! आम्हीं समितीवर असलेल्या एका बाईस विचारलें. ती म्हणाली, आम्हांला बोलावतात कुठं? वही घरीं येते, सही करून परत जाते. यांत आम्ही केवळ मुख्याध्यापकास दोष देत नाहीं. त्या बाईनें सही करण्यापूर्वी शाळेंत पाऊल टाकलें असतें तर तिला कोण अडविणार होतें? कायद्यानें समिती तिची आहे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन जण मुलांचे आईबाप असावे लागतात आणि एकंदरींत निम्म्या बाया असाव्या लागतात. कायदा झाला, समिती झाली, बाई सभासद झाली. आणि वही घरीं येऊं लागली.

जी स्वयंपाक करते तिचीही गोष्ट सांगितली पाहिजे. ती बहुधा गांवांतलीच गरीब बाई असते, पुष्कळदां नवरा नसलेली. तिला या राज्यांत २०२३ पर्यंत महिन्याचे दीड हजार रुपये मिळत, मग अडीच हजार झाले. अडीच हजार! कांद्याच्या खुरपणीला बाई आठ-दहा दिवस गेली तर एवढे पैसे होतात. आणि तिच्यावर भार काय, तर गांवाच्या साऱ्या पोरांच्या जिवाचा. २०१३ च्या जुलै महिन्यांत बिहारांत सारण जिल्ह्यांतल्या एका गांवीं शाळेंतलें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. पिकावर मारण्याचें विष तेलांत उतरलें होतें. हें वाचून आमच्या द्राक्षवाल्या आणि टोमॅटोवाल्या बांधवांच्या अंगावर कांटा आला पाहिजे. आपल्या घराघरांत फवारणीचे रिकामे डबे पडलेले आहेत आणि त्यांत कोणी पाणी भरतो, कोणी रॉकेल ठेवतो. तो डबा शाळेच्या चुलीपर्यंत जाण्यास किती वेळ लागतो? म्हणून मुलांस वाढण्याच्या आधीं मोठ्या माणसांनीं अन्न चाखून पाहावें असा जो नियम आहे तो फुकाचा नाहीं. रोज एका घरची आई त्या वेळीं शाळेंत हजर राहिली तर साठ घरांच्या गांवांत दोन-अडीच महिन्यांनीं पुन्हां तिची पाळी येते. एवढें जड आहे काय?

आतां अंड्याची गोष्ट. २०२३ च्या नोव्हेंबरांत राज्य सरकारनें ठरविलें कीं आठवड्यांतून एक दिवस शाळेंतल्या प्रत्येक मुलास एक अंडें द्यावें, आणि जें मूल अंडें खात नाहीं त्यास केळें द्यावें. अंड्यामागें पांच रुपये ठरले. आम्हांस बरें वाटलें. एका अंड्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतें, आणि तें असें कीं अंगास लागतें. शिवाय त्यांत कोणी पाणी घालूं शकत नाहीं, कोणी अर्धें काढून घेऊं शकत नाहीं. डाळ पातळ करतां येते, दूध पातळ करतां येतें, अंडें पातळ करतां येत नाहीं. गरिबाच्या पोरास द्यावयाच्या जिनसांत इतका प्रामाणिक जिन्नस दुसरा नाहीं.

कांहीं ठिकाणांहून विरोध झाला. आमच्या या भागांत वारकरी पुष्कळ आहेत, माळकरी घरें पुष्कळ आहेत. त्यांच्या गळ्यांतल्या माळेस आम्ही हात जोडतों. माळकऱ्याच्या पोरास केळें द्यावें, दोन द्यावीं. पण ठाकराच्या, महादेव कोळ्याच्या, कुणब्याच्या, मातंगाच्या, मुसलमानाच्या ज्या घरांत अंडें खातात आणि पैशाअभावीं मिळत नाहीं, त्या घरच्या पोराच्या ताटांतून तें कां काढावें? एकाच्या पंक्तीचा सोवळेपणा दुसऱ्याच्या पोटावर कां बसवावा?

आणि झालें काय? २०२५ च्या जानेवारींत सरकारनें नवा निर्णय काढला आणि अंड्याचा पैसा बंद केला, खिरीच्या साखरेचाही बंद केला. ज्या शाळांस अंडें अगर गोड द्यावयाचें असेल त्यांनीं लोकांकडून वर्गणी करून द्यावें, असें सांगितलें. वर्गणी! देवळाच्या कळसाला वर्गणी, सप्त्याला वर्गणी, कुस्त्यांच्या आखाड्याला वर्गणी, आणि आतां पोराच्या अंड्यालाही वर्गणी. ज्या गांवांत बागायतदार आहेत तेथें ती जमेलही. पश्चिमेकडे डोंगरांत, जेथें पावसाळी भाताशिवाय दुसरें पीक नाहीं, तेथल्या शाळेनें कोणापुढें झोळी पसरावी? म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला अंडें कमी. सरकारनें हा हात आखडता घेतला तो चुकला, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि ज्या कोणा पुढाऱ्याला शेतकऱ्याचा कळवळा असेल त्यानें सभेंत फेटा बांधून घेण्याच्या आधीं या पांच रुपयांबद्दल बोलावें.

तोंवर हातावर हात ठेवून बसावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पिंपरी पेंढारसारख्या गांवांत लग्नाच्या मांडवांत जें अन्न उष्टें टाकलें जातें त्याच्या पैशांत शाळेची वर्षाचीं अंडीं होतील. पोराचा वाढदिवस आला कीं फलक लागतो, केक कापतात, तोंडाला फासतात. त्या दिवशीं वर्गांतल्या सर्वांस एक एक उकडलेलें अंडें अगर केळें आणि मूठभर शेंगदाणे दिले तर काय बिघडेल? पण हें सांगतांना आम्हांस भीति वाटते कीं, सरकार म्हणेल, पाहा, लोक देतात, आमची काय गरज! म्हणून वर्गणीही करा आणि मागणीचा अर्जही करा. एक केलें म्हणून दुसरें सोडूं नका.

पोटाचें इतकें झालें, आतां वाटेचें. कारण पिंपरी पेंढारच्या आईला विचाराल तर ती पोटाच्या आधीं वाटेचीच काळजी सांगेल. २०२४ च्या मे महिन्यांत शेजारच्या काळवाडींत आठ वर्षांचा एक मुलगा बिबट्यानें मारला. त्याच महिन्यांत पिंपरी पेंढारच्या शिवारांत एका बाईचा बळी गेला, आणि ऑक्टोबरांत याच गांवांत दुसऱ्या बाईचा. बिबट्या आतां डोंगरांतून येत नाहीं. तो ऊंसांतच राहतो, मादी ऊंसांतच पिल्लें घालते. माणिकडोहास वनखात्याचें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे, गांवोगांवीं पिंजरे लागतात, आणि लोक पिंजऱ्यावर भिस्त ठेवून निवांत होतात. पण याच जुन्नरच्या मुलखांतल्या हल्ल्यांचा अभ्यास करून विद्या अथ्रेया यांनीं दाखवून दिलें आहे कीं बिबटे धरून भलतीकडे सोडल्यानें हल्ले कमी न होतां उलट वाढले. तेव्हां पिंजरा लागला तरी वाटेवरच्या पोराची राखण आपणांसच करावी लागते.

बिबट्या आपल्यापेक्षां ठेंगणें पाहून झडप घालतो. म्हणून शेतांत वांकून काम करणारी बाई आणि लहान पोर यांस धोका अधिक. एकटें पोर ऊंसाच्या कडेनें जाऊं नये. वस्तीवरचीं सारीं मुलें एकत्र, मोठ्यानें बोलत, पुढें एक आणि मागें एक मोठें माणूस, अशीं जावीं. घरांतले लोक पाळीपाळीनें जाऊं शकतात. गुरांच्या राखणीची जशी पाळी लावतों तशी पोरांच्या राखणीची लावावी. वाटेच्या दोन्ही अंगांचा ऊंस पांच-सात हात मागें सारला तर एखाद्या सरीचें नुकसान होईल. आणि सरकारकडे आपली जी जुनी मागणी आहे कीं शेतीला वीज दिवसा द्या, ती केवळ बापाच्या झोपेची मागणी नाहीं. बाप रात्रीं पाण्यावर उभा, म्हणून सकाळीं निजलेला, म्हणून पोर एकटें वाटेवर. ही सांखळी मुंबईंत बसलेल्यास दिसत नाहीं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असें सरकारनें २०२४ सालीं ठरविलें तें पोरांस पुरेशी झोप मिळावी म्हणून. आमच्याकडे त्याचा दुसरा उपयोग असा कीं पोर उजाडल्यावर घराबाहेर पडतें. ज्या शाळा अजून कोंबडें आरवतांच घंटा देत असतील त्यांस पालकांनीं हा निर्णय दाखवावा.

याच ऊंसाच्या कडेला आणखी एक मूल आहे आणि त्याची कोणी गणती करीत नाहीं. जुन्नरांत विघ्नहर आणि आंबेगांवांत भीमाशंकर हे साखर कारखाने आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला कीं बीड, नगरकडचीं ऊंसतोडीचीं कुटुंबें कोप्या टाकून फडाजवळ राहतात. आईबाप अंधारांत कोयता घेऊन निघतात आणि पोर कोपींत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसतें. त्याला शाळा नाहीं म्हणून खिचडी नाहीं, तपासणी नाहीं, गोळी नाहीं. आणि कोपीला दार नाहीं. आपण म्हणतों, तें परगांवचें. अहो, ऊंस आपला तोडला जातो ना? कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलास वर्षाच्या मध्यें, दाखला नसतांही, शाळेंत घ्यावेंच लागतें. ज्या शेतकऱ्याच्या फडांत टोळी उतरली आहे त्यानें त्या टोळीचीं पोरें आपल्या पोरांबरोबर शाळेंत पोंचतीं केलीं तर त्याच्या टनांत एक पेंढीही घटणार नाहीं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. जंताची गोळी दर वर्षीं १० फेब्रुवारीच्या सुमारास आणि पुन्हां पावसाळ्यांत शाळेंत देतात. ती घरीं घेऊन येऊं न देतां तेथेंच चावून खाऊं द्या. अनवाणी पोराच्या पायाच्या कातडींतून एक जातीचे जंत आंत शिरतात आणि आंतड्याला चिकटून रक्त पितात. तेव्हां चप्पल ही चैन नव्हे. लोहाची गोळी आठवड्यांतून एकदां असते, लहानांस गुलाबी, मोठ्यांस निळी. ती रिकाम्या पोटीं घेतली तर मळमळतें आणि मग गांवांत आवई उठते कीं गोळ्या विषारी आहेत. जेवणानंतर द्यावी म्हणजे झालें. शाळेंत मुलें तपासण्यास डॉक्टरांचें पथक येतें. ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य योजना २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच राज्यांत पालघरास सुरू झाली. पथक येण्याचा दिवस आधीं विचारून ठेवा आणि त्या दिवशीं पोरास कांदे भरायला नेऊं नका. फळ्यावरचें दिसत नाहीं म्हणून वर्षानुवर्षें मागच्या ओळींत ढ म्हणून बसलेलीं पोरें आम्हीं पाहिलीं आहेत. चष्मा लागला आणि त्यांची ढ ही पदवी गेली. एका डोळ्याच्या तपासणीनें जें होतें तें शंभर छड्यांनीं होत नाहीं, आणि छडी तर २००९ च्या कायद्यानें बंदच आहे. अंगावर मारणें बंद आहे आणि जातीवरून, कपड्यावरून, बापाच्या धंद्यावरून टोचून बोलणेंही बंद आहे. लोहाराच्या पोराला 'भाता फुंकायला जा' म्हणणाऱ्या मास्तरास हें कोणी तरी शांतपणें सांगावें.

मुलींचा एक प्रश्न बायांनींच पाहावा लागेल. शाळेंत मुतारी असते, पण तिला कडी नसते, नाहीं तर नळाला पाणी नसतें. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहींत, म्हणजे जावें लागणार नाहीं. त्यानें लघवीला जळजळ होते, डोकें दुखतें, आणि थोरल्या मुली महिन्यांतले चार दिवस घरीं बसतात. एक कडी, एक बादली, एक साबणाची वडी, इतक्या स्वस्त गोष्टीसाठीं मुलीची शाळा सुटते. ग्रामसभेंत पुरुष गटारावर दोन तास भांडतात. बायांनीं उठून या कडीबद्दल एक वाक्य बोलावें.

आमची वाचकांस विनंति आहे. पिंपरी पेंढार, ओतूर, आळे, बेल्हे, नारायणगांव आणि आंबेगांवाकडील ज्या घरचीं पोरें शाळेंत जात आहेत त्यांनीं येत्या पंधरा दिवसांत एकदां दुपारच्या सुट्टीच्या वेळीं शाळेंत जावें. किती मुलें जेवलीं, भाजी किती होती, डाळ दिसली कीं नाहीं, अन्न कोणीं चाखलें, हात धुण्यास साबण होता काय, मुलींच्या मुतारीला कडी आहे काय, ऊंसतोडीचीं किती पोरें पटावर आहेत आणि समितीची बैठक शेवटीं केव्हां भरली, इतकें कार्डावर लिहून आमच्याकडे धाडावें. लिहितां येत नसेल त्या आईनें आपल्या पोराकडून लिहवून घ्यावें. जेथें चांगलें चाललें आहे तेथली हकीकत आम्ही गांवाच्या नांवासह छापूं. जेथें उणें आहे तेथली आधीं त्या समितीस कळवूं आणि महिनाभर वाट पाहूं.